गिटार नसलेल्या खोलीतील गिटार

आपल्या शाळेच्या संगीत खोलीत आज एक पेटी आहे, दोन ढोलक्या आहेत, एक डफ, एक तुणतुणे, टाळांचे चार जोड आणि माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने भेट दिलेला 61 पट्ट्यांचा की-बोर्ड आहे. गिटार नाही. एकेकाळी होती. खिडकीशेजारच्या खुंटीवर टांगलेली ती गिटार मराठवाड्याच्या एका उन्हाळ्यातच मान वाकवून बसली. पुढे तिच्या तारा गंजल्या आणि एके दिवशी मुलांनी ती गुंडाळून ग्रंथालयाच्या माळ्यावर ठेवली. ती दुरुस्त करून आणता आली असती. परंतु अर्धापूरकडून वारंगाफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या डोंगरकड्यात ती शिकवणार कोण, हा प्रश्न दुरुस्तीने सुटणारा नव्हता.

मुलांची ओढ मात्र कायम राहिली. आज जी भीमगीते ध्वनिमुद्रित होतात त्यांपैकी अनेकांत ढोलकीच्या जोडीला गिटार असते. मुंबईच्या धम्म विंग्स या चमूने बुद्ध-आंबेडकरी विचार रॉक संगीतातून मांडला, चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कास्टलेस कलेक्टिव्हने परंपरागत वाद्यांच्या शेजारी गिटार आणून उभी केली. हे सारे आमची मुले भ्रमणध्वनीवर ऐकतात आणि संगीत खोलीत येऊन विचारतात, ‘सर, आपल्याकडे हा आवाज कसा आणायचा?’ मी इतिहासाचा शिक्षक. संगीतातील माझे ज्ञान पेटीवर वंदना आणि गाणी धरण्यापुरते. तरीही मुलांबरोबर बसून की-बोर्ड आणि संगणक यांच्या साहाय्याने गिटारीची छेड कशी वाजवावी याचा जो अभ्यास गेल्या काही वर्षांत झाला, तो येथे मांडत आहे. ज्यांच्या घरी की-बोर्ड आहे अशा पालकांना आणि गावोगावी गायनपार्ट्या चालवणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

आरंभ फसण्यापासूनच झाला. भीमजयंतीच्या कार्यक्रमात आम्ही की-बोर्डवर ‘स्टील गिटार’ हा आवाज निवडला आणि नेहमीप्रमाणे तीन बोटांनी कॉर्ड दाबत गेलो. (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारा तीन वा अधिक स्वरांचा मेळ.) आवाज गिटारीचा होता, यात शंका नाही. परंतु ऐकणाऱ्याला ती गिटार वाटत नव्हती. कोणी तरी पत्र्याच्या डब्यावर सूर ठोकत असावे तसे वाटत होते. कार्यक्रमानंतर शेजारच्या गावचे एक वयोवृद्ध ढोलकीवादक जवळ आले आणि म्हणाले, ‘सर, आवाज तर हाय, पन हात कुठंय?’

या एका प्रश्नातच सगळा अभ्यासक्रम आहे. गिटारीचा आवाज यंत्रात भरून ठेवता येतो. गिटारीवरचा हात भरून ठेवता येत नाही. तो वाजवणाऱ्याने आपल्या डोक्यात आणि मनगटात आणावा लागतो. म्हणून सॉफ्टवेअरकडे वळण्यापूर्वी गिटारीवर प्रत्यक्षात काय घडते ते समजून घेतले पाहिजे.

गिटारीला सहा तारा असतात. जाडीकडून बारकीकडे त्या ई, ए, डी, जी, बी, ई या स्वरांत मिळवलेल्या असतात. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. पहिली आणि शेवटची एकाच स्वराच्या, पण दोन सप्तकांच्या अंतरावर. आता पांढरी एकची म्हणजे सी मेजर कॉर्ड घ्या. पेटीवर किंवा की-बोर्डवर आपण सा, ग, प अशा तीन पट्ट्या शेजारीशेजारी दाबतो. गिटारवादक तीच कॉर्ड वाजवतो तेव्हा सर्वांत जाड तार सोडून उरलेल्या पाच तारा वाजतात आणि त्यांतून क्रमाने सा, ग, प, वरचा सा, वरचा ग असे स्वर निघतात. सा दोनदा, ग दोनदा, प एकदाच. पांढरी पाचची म्हणजे जी मेजर कॉर्ड घेतली तर सहाही तारा वाजतात; तिचा मूळ स्वर तीनदा येतो, त्याचा गंधार दोनदा आणि पंचम एकदा. म्हणजे गिटारीची कॉर्ड ही की-बोर्डच्या कॉर्डपेक्षा पसरट असते, तिच्यात काही स्वरांची पुनरावृत्ती असते आणि ही पुनरावृत्ती वादकाच्या आवडीने ठरत नाही, तर हाताच्या चार बोटांना कोणते पडदे एकाच वेळी दाबता येतात यावरून ठरते. आमच्या पहिल्या फसगतीचे एक कारण येथे होते. आम्ही गिटारीच्या आवाजात पेटीची कॉर्ड वाजवत होतो.

दुसरे कारण वेळेचे. की-बोर्डवर तीन पट्ट्या एकाच क्षणी खाली जातात. गिटारीवर एकच नखी पाच-सहा तारांवरून सरकत जाते, त्यामुळे तारा एकामागून एक वाजतात. वरून खाली जाणाऱ्या छेडीत जाड तारेकडून बारीक तारेकडे, आणि खालून वर येणाऱ्या छेडीत उलट. या सगळ्या प्रवासाला साधारण 20 ते 60 मिलिसेकंद लागतात. संथ गाण्यात त्याहून अधिक. एका सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याएवढा हा काळ. कान तो मोजत नाही, पण तो नसला की कानाला लगेच कळते. वर येणाऱ्या छेडीत वादक बहुधा सगळ्या तारांना स्पर्शही करत नाही. बारीक तीन-चार तारांवरून हात उचलला जातो, म्हणून ती छेड हलकी आणि उजळ वाटते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती आमच्या मुलांना तुणतुण्याने शिकवली. तुणतुण्याला एकच तार. शाहिराच्या मागे उभा असलेला तुणतुणेवाला ती तार अखंड छेडत राहतो. त्याचा हात थांबत नाही. कवनात विश्रांती आली तरी हात हलतच असतो. गिटारवादकाचा उजवा हातही तसाच. तो लोलकासारखा खाली-वर जात राहतो आणि जेव्हा आघात नको असतो तेव्हा तारांना न शिवता हवेतून जातो. शांततेचा क्षणसुद्धा हाताच्या गतीने मोजलेला असतो. की-बोर्ड वाजवणारा मात्र जेथे आघात नाही तेथे हात स्थिर ठेवतो. परिणामी त्याची लय तुटक होते.

आपल्या बहुसंख्य गीतांचा ठेका केरवा. त्याच्या आठ मात्रा, धा गे ना ति, न क धि न, या मुलांना तोंडपाठ असतात. त्यावर छेड अशी बसवावी. विषम मात्रांना हात खाली जाईल, सम मात्रांना वर येईल. हे कधीही बदलायचे नाही. आता ‘धा’वर खाली जोरकस छेड. ‘गे’वर हात वर येईल, पण तारांना न शिवता. ‘ना’वर खाली, ‘ति’वर वर. ‘न’वर हात खाली जाईल, पुन्हा रिकामा. मग ‘क’वर वर, ‘धि’वर खाली, ‘न’वर वर. आठ मात्रांत सहा आघात आणि दोन रिकामे हात. पाचव्या मात्रेवरचा तो रिकामा हात हेच या चालीचे सौंदर्य आहे. तेथे गिटार गप्प असते आणि ढोलकीला बोलायला जागा मिळते. आम्ही हा ठेका प्रथम की-बोर्डशिवाय, मांडीवर हात खाली-वर करून तोंडाने बोल म्हणत पंधरा दिवस केला. मुले कंटाळली. पण त्यानंतर की-बोर्डवर बसल्यावर जो फरक पडला तो त्यांनीच प्रथम ओळखला. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या मात्रेवर छेड घेऊन दुसरी रिकामी सोडली की काम भागते.

आता यंत्राकडे. संगीताची यंत्रे एकमेकांशी ज्या सामायिक भाषेत बोलतात ती मिडी ही पद्धत 1983 साली रूढ झाली. की-बोर्डची पट्टी दाबली की कोणती पट्टी, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली एवढीच माहिती तारेतून संगणकाकडे जाते. आवाज जात नाही. जोर 1 ते 127 या अंकांत मोजला जातो. आवाज संगणकातील वाद्य निर्माण करते. योगायोग असा की त्याच 1983 साली केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग या दोघांनी छेडलेल्या तारेचा आवाज केवळ गणिताने निर्माण करण्याची एक अत्यंत सोपी रीत प्रसिद्ध केली. क्षणभराचा खरखराट घ्यायचा आणि तो एका छोट्या चक्रात फिरवत प्रत्येक फेरीला थोडा गुळगुळीत करत जायचा. काही फेऱ्यांत त्याची तार होते. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

आजच्या गिटार-सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. काही, उदाहरणार्थ स्ट्रम हे सॉफ्टवेअर, आवाज असा गणितानेच घडवतात. ती संगणकाची फार जागा व्यापत नाहीत. दुसऱ्या प्रकारात खऱ्या गिटारीची प्रत्येक तार, प्रत्येक पडदा, वेगवेगळ्या जोराने वाजवून मुद्रित केलेला असतो. रिअल गिटार आणि अँपल गिटार ही या जातीची. अँपल गिटारची एक मर्यादित आवृत्ती विनामूल्य मिळते. तिसऱ्या प्रकारात, सेशन गिटारिस्टसारख्या संचात, कुशल वादकाने वाजवलेल्या आख्ख्या चालीच मुद्रित असतात. आपण फक्त कॉर्ड दाबायची, ठेका यंत्र चालवते. तिसरा प्रकार ऐकायला सर्वांत खरा वाटतो आणि शिकण्यासाठी मला तो सर्वांत कमी उपयोगाचा वाटतो. तेथे हात आहे, पण तो दुसऱ्याचा आहे. शिवाय तो आपल्या ढोलकीला ओळखत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या सॉफ्टवेअरात सामान्यतः काम असे विभागलेले असते. डावा हात कॉर्डच्या पट्ट्या धरून ठेवतो. एवढ्याने आवाज होत नाही, जसा गिटारीचे पडदे दाबून धरल्याने होत नाही. सॉफ्टवेअर कॉर्ड ओळखते आणि तिची गिटारीच्या सहा तारांवरील मांडणी स्वतः करते. उजवा हात ठराविक पट्ट्या वाजवतो: एक खाली जाणाऱ्या छेडीची, एक वर येणाऱ्या छेडीची, एखादी तळव्याने तारा दाबून केलेल्या बोथट आघाताची. या आज्ञेच्या पट्ट्या गिटारीच्या स्वरकक्षेबाहेर असतात, म्हणून छोट्या की-बोर्डवर सप्तक बदलण्याचे बटण वापरावे लागते. उजव्या हाताची दोन बोटे या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने पडू लागली की तोच खाली-वर लोलक तयार होतो. केरव्याचे जे बोल वर सांगितले ते येथे जसेच्या तसे उतरतात. रिकाम्या हाताच्या मात्रेला बोट पट्टीवरून अधांतरी फिरवावे, पण फिरवावेच.

जोराविषयी दोन शब्द. सहा आघात सारख्या जोराचे झाले तर ते यंत्र वाटते. आम्ही ‘धा’ 100 च्या आसपास ठेवतो, बाकीच्या खाली जाणाऱ्या छेडी 80-85, आणि वर येणाऱ्या 60 ते 70. हे अंक म्हणजे नियम नव्हे. गायकाचा आवाज कोवळा असेल तर सगळेच खाली आणावे लागतात. चांगल्या सॉफ्टवेअरात एकाच स्वराची अनेक मुद्रणे असतात आणि ती आलटून पालटून वाजतात, कारण कोणत्याही माणसाचे दोन आघात तंतोतंत सारखे नसतात.

कॉर्ड बदलताना होणारी चूक जवळपास सगळेच करतात. पियानोच्या सवयीने पायाची कळ दाबून ठेवली जाते आणि जुन्या कॉर्डवर नवी कॉर्ड साचते. गिटारीवर हे अशक्य आहे. एका तारेवर एका वेळी एकच स्वर नांदतो. नवा आला की जुना संपतो. त्यातही डाव्या हाताला एका आकारातून दुसऱ्या आकारात जायला क्षणभर लागतो, तेवढा क्षण तारा अर्धवट मोकळ्या असतात. म्हणून आधीच्या कॉर्डच्या पट्ट्या शेवटच्या मात्रेच्या किंचित आधी सोडाव्यात. ते अल्पसे रितेपण ऐकणाऱ्याला ‘हात’ म्हणून जाणवते.

ज्यांना प्रत्यक्ष न वाजवता संगणकावर स्वर एकेक करून मांडायचे आहेत त्यांच्यासाठी हिशेब सोपा आहे. लय मिनिटाला 100 ठोके धरली तर एक ठोका 600 मिलिसेकंदांचा. केरव्याच्या दोन मात्रा त्यात बसतात. सॉफ्टवेअर ठोक्याचे 480 भाग करत असेल तर एक भाग सव्वा मिलिसेकंद. खाली जाणाऱ्या छेडीत प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा 8 भाग, म्हणजे 10 मिलिसेकंद, मागे ठेवली की सहा तारांची छेड 50 मिलिसेकंदांत पुरी होते. वर येणाऱ्या छेडीत चारच तारा घ्याव्यात आणि अंतर 6 भागांचे ठेवावे. ढोलकीबरोबर वाजवताना आम्ही जाड तार ठोक्याच्या थोडी आधी सुरू करतो, म्हणजे छेडीचा उजळ शेवट ढोलकीच्या थापेबरोबर पडतो.

आणखी एक व्यावहारिक अडचण. पट्टी दाबणे आणि आवाज येणे यांत अंतर पडले तर वाजवणे अशक्य होते. संगणक आवाजाचे तुकडे साठवून पुढे पाठवतो. सेकंदाला 44,100 नमुने या गतीने 1024 नमुन्यांचा साठा म्हणजे 23 मिलिसेकंदांचा उशीर, 256 चा म्हणजे सहापेक्षा कमी. सेटिंगमध्ये हा आकडा कमी करावा. आवाज तडतडू लागला तर एक पायरी वर जावे. शाळेच्या जुन्या संगणकांवर आम्हाला 256 वरच थांबावे लागले.

ज्यांच्याजवळ संगणक नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. साध्या की-बोर्डवरही स्टील वा नायलॉन गिटारीचा आवाज असतोच. डाव्या हाताने खालचा सा आणि पंचम, उजव्या हाताने वरचा सा, ग आणि प घ्यावा. बोटे एकदम न टेकवता डावीकडून उजवीकडे लोळवत न्यावीत. वर येणाऱ्या छेडीला फक्त उजवा हात, उलट दिशेने. वीज गेली नाही तोवर एवढी गिटार कोणत्याही घरात वाजेल.

येथपर्यंत हा तंत्राचा पाठ झाला. परंतु तो लिहावासा का वाटला ते सांगितले पाहिजे.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या डाव्या हाताची दोन बोटे लहानपणी कडबाकुट्टीत गेली. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. गळा तिचा मोकळा, लय पक्की. गिटार शिकावी ही तिची इच्छा. आणि गिटारीचे पडदे दाबायला तर डाव्याच हाताची चार बोटे लागतात. काही सॉफ्टवेअरांत एका पट्टीला एक पूर्ण कॉर्ड नेमून देता येते. तिने डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांसाठी पाच पट्ट्यांना पाच कॉर्ड नेमल्या आणि उजव्या हाताने छेड धरली. मांडीवर पंधरा दिवस केरवा करताना जी मुले कंटाळली त्यांत ती नव्हती. पुढे एका आंतरशालेय स्पर्धेत ती समूहगीताला साथीला बसली. परीक्षकांनी गीताचे कौतुक केले आणि साथीचे गुण मात्र दिले नाहीत. गिटार संगणकातून वाजते आहे, ते वादन नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ती परतीच्या गाडीत काही बोलली नाही. वसतिगृहाच्या फाटकाशी उतरताना एवढेच म्हणाली, ‘सर, मग वाजवलं कोणी?’

इतिहासाच्या माणसाला अशा वेळी पेटी आठवते. पेटी मूळची युरोपीय वाद्यकुळातली. एकोणिसाव्या शतकात येथे आली आणि हाताने भाता चालवण्याजोगी होऊन घराघरांत, फडाफडांत रुळली. तरीही 1940 साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. तिला मींड घेता येत नाही, तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, ती परकी आहे, असे आक्षेप होते. त्यांतला मींडेचा आक्षेप खोटाही नव्हता. ही बंदी 1971 पर्यंत टिकली. याच काळात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत बाबासाहेबांचा विचार पोहोचवत होते. याच काळात वामनदादा कर्डक घडले आणि गावोगाव गात फिरले. आकाशवाणीच्या दाराशी अडलेली पेटी गायनपार्ट्यांतून समाजाला जागे करत होती. खांद्यावरून नेता येते, एकदा सुरात लावली की लवकर बिघडत नाही आणि गुरूशिवाय बोटे बसवता येतात, या तीन गुणांमुळे ती गरिबाच्या उपयोगाची ठरली. कोणते वाद्य कोणी हाती धरावे आणि कोणते कोणाच्या गळ्यात अडकवावे हे आपल्या देशात संगीताने ठरवलेले नाही, जातीने ठरवले आहे. कातड्याची वाद्ये घडवणारे आणि वाजवणारे हात कोणाचे होते आणि त्या वादनाला कला न म्हणता काम का म्हटले गेले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. राज्यघटनेच्या शिल्पकाराला तारेवर गज कसा धरावा हे नव्याने शिकण्यात कमीपणा वाटला नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला संयुत्त निकायातील वीणेच्या दृष्टान्तात सापडते. ज्याने वीणेचा नाद कधी ऐकला नव्हता असा एक राजा तो ऐकतो आणि मोहून जातो. त्याला सांगतात की ही वीणा. तो म्हणतो, वीणा नको, मला तो नाद आणून द्या. सेवक समजावतात की नाद असा निराळा काढून देता येत नाही. भोपळा, कातडे, दांडी, तारा, नखी आणि माणसाचा योग्य प्रयत्न असे अनेक घटक एकत्र येतात तेव्हा तो उत्पन्न होतो. राजा वीणा फोडतो, तिचे तुकडे करतो, जाळतो, राख वाऱ्यावर उधळतो. नाद सापडत नाही. भगवंतांनी हा दृष्टान्त ‘मी’ आणि ‘माझे’ शोधणाऱ्या साधकासाठी दिला. मी तो संगीत खोलीत वापरतो याबद्दल भन्तेजी क्षमा करतील. परंतु त्यातील घटकांची यादी पाहावी. त्यात भोपळ्याच्या आणि तारेच्या बरोबरीने माणसाचा प्रयत्न मोजलेला आहे. घटक बदलतील, भोपळ्याच्या जागी लाकूड येईल, लाकडाच्या जागी मुद्रित नमुने येतील. त्या मुलीने पाचवी मात्रा रिकामी सोडली, ढोलकीसाठी जागा ठेवली, गायिकेचा श्वास संपताना छेड हलकी केली. हा घटक कोणत्याही संचात आधीपासून भरलेला नव्हता. परीक्षकांनी भोपळा तपासला.

त्यांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. तिसऱ्या प्रकारचे सॉफ्टवेअर लावून एक पट्टी दाबून स्वस्थ बसणारेही असतात, आणि व्यासपीठाखालून पाहणाऱ्याला दोहोंतला फरक दिसत नाही. म्हणून आता आम्ही साथीला बसताना की-बोर्ड असा तिरपा ठेवतो की वाजवणाऱ्याचे दोन्ही हात श्रोत्यांना दिसावेत.

शेवटी आपल्या गीतांविषयी एक सावधगिरी. कॉर्ड हा प्रकार पाश्चात्त्य संगीतातून आलेला. आपल्या चाली रागांच्या आणि लोकधुनांच्या अंगाने जाणाऱ्या. भैरवीच्या वळणाच्या चालीत गंधार कोमल असतो. तेथे सवयीने मेजर कॉर्ड दाबली तर शुद्ध गंधार गायकाच्या गळ्याशी भांडतो. अशा वेळी कॉर्डमधला गंधारच काढून टाकावा; फक्त सा आणि प यांची छेड घ्यावी. ती तुणतुण्याच्या जवळ जाते आणि कोणाशीही भांडत नाही. एका गाण्याला दोन किंवा तीन कॉर्ड पुरतात. सॉफ्टवेअर शंभर देते म्हणून शंभर वापरण्याचे कारण नाही. गायकाची पट्टी काळी एक असेल तर सीच्या आकारातच वाजवून की-बोर्डवर एक स्वर वर चढवावा. गिटारवादक पहिल्या पडद्यावर चिमटा लावतो तेच हे. दीघ निकायात पंचशिख वीणा वाजवत गातो तेव्हा भगवंत त्याच्या तारांचा स्वर आणि गाण्याचा स्वर एकमेकांशी जुळले, कोणीही कोणावर मात केली नाही, याची दखल घेतात. साथीदाराला याहून नेमकी कसोटी मला माहीत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत ज्या ध्वनिवर्धकांच्या भिंती आपण भाड्याने आणतो त्यांना ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे, पण तो वेगळा लेख होईल.

ती विद्यार्थिनी आता दहावीत आहे आणि लहान मुलांचा केरवा तीच घेते, मांडीवर, पंधरा दिवस. संगीत खोली सायंवंदनेनंतर तास-दीड तास उघडी असते. पौर्णिमेला, उपोसथाचे अष्टशील पाळणाऱ्यांना गायन-वादन वर्ज्य असल्याने, ती बंद ठेवतो. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे 8 जीबी स्मृतीचा वापरात नसलेला संगणक असेल तर तो येथे कामाला येईल. माळ्यावरची गिटारही खाली काढली आहे. तिच्या तारा बदलायच्या आहेत.